प्रफुलची शपथ

१४ जून

मामाजींच्या खांद्यावर पुन्हा निळा डाग! आंघोळ करून बनियान घालत होते तेव्हा दिसला. रायफलचा दस्ता टेकतो बरोबर त्या खोबणीत, मोठ्या जांभळाएवढा. सुनेनं विचारलं तर म्हणाले, डास चावला असन. एवढा मोठा डास सिंदेवाहीत तरी मी पाहिलेला नाही.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाल्यापासून असंच आहे. दाराची कडी लागली — निळं. पिशवीचा बंद मनगटावर रुतला — निळं. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. संध्याकाळपर्यंत सगळं परत आलं, पण चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, हृदयाचे ठोके बेशिस्त पडतात. त्यामुळे आत रक्ताची गाठ धरते आणि डोक्यात जाऊन बसते. गाठ धरू नये म्हणून ही गोळी. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. धानाच्या शेतातल्या अरुंद धुऱ्यावरून चालल्यासारखं आहे, दोन्हीकडच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या.

गोळीच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद मी पूर्ण वाचला, प्रफुलची डिक्शनरी घेऊन. सातवी शिकलेल्या बाईला दोन दुपारी लागल्या. पडू नका, लागू देऊ नका, असं लिहिलं आहे. रायफल चालवू नका, असं कुठे नाही. पण लिहिणाऱ्याच्या मनात रायफल घेतलेला म्हातारा कशाला आला असेल!

१५ जून

डाग आज हिरवट. मामाजी शेडवर गेले. जातातच.

२३ जून

दुपारी डबा घेऊन शेडवर गेले. बंद पडलेल्या राईस मिलची ती लांब शेड मालकानं त्यांना वापरायला दिली आहे. एका टोकाला टार्गेटचे कागद, दुसऱ्या टोकाला मुली. भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो. पोलिसात होते तेव्हा मामाजी शिपायांना नेमबाजी शिकवायचे, आता मुलींना शिकवतात. मुलींसाठी त्यांनी नव्या, हलक्या एअर रायफली मिळवल्या. स्वतः मात्र तीच जुनी! खालचा लोखंडी दांडा जोर लावून ओढायचा तेव्हा ती भरते, आणि आतली स्प्रिंग इतकी ताठ की सुटताना खांद्याला धक्का देते. लेकाला, प्रफुललाही, लहानपणी तिच्यावरच शिकवलं.

मी म्हटलं, मामाजी, हलकी घ्या ना एखादी. तर मुलींसमोर म्हणाले, "आता म्हातारपणी नवी बायको नको सांगू मले."

मुली हसल्या. दिव्यानी सगळ्यांत जास्त. ती त्यांची लाडकी आहे. नवरगावहून सायकलनं येते, बोलते कमी, मारते बरोबर.

मीही हसले. घरी येताना मात्र तो दांडाच डोळ्यांसमोर होता.

४ जुलै

पाऊस धरला आहे. इंदुताई शेजारून तरोट्याचा कोवळा पाला घेऊन आली. मग रोजच चाललं आहे — तरोटा, पातूर, कुड्याची फुलं. पावसाळ्यात या भाज्या नाही खाल्ल्या तर पावसाळा आला असं वाटतच नाही. मामाजी ताटात दुसऱ्यांदा भाजी मागतात. प्रफुल गेल्यापासून त्यांनी दुसऱ्यांदा काही मागितल्याचं आठवत नाही. म्हणून मीही वाढत राहिले.

१६ जुलै

चंद्रपूरला रक्त तपासायला गेलो. बस मूल गावापाशी अडली, उशीर झाला. रक्त किती पातळ त्याचा आकडा एकदम खाली! दोन ते तीनच्या मध्ये पाहिजे, तो दीडसुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी काय खाता विचारलं. मी सांगितलं, रानभाज्या. त्या म्हणाल्या, हिरव्या पानांनी या गोळीचं काम कमी होतं. गोळी थोडी वाढवून दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणाल्या. अजूनही काही सांगत होत्या, पण मागे रांग होती आणि माझं लक्ष मामाजींच्या तोंडाकडे होतं, वाकडं तर नाही ना होत.

घरी आले आणि पाला होता तेवढा गाईपुढे टाकला. आजपासून या घरात हिरवं पान बंद!

१९ जुलै

मामाजी ताटाकडे पाहून म्हणाले, "आज बी आलूच काय?"

हो जी, आलूच.

३० जुलै

आज चंद्रपूरला जायचं होतं. पाऊस उघडतच नाही, उमा नदी फुगली आहे, बस येईल की नाही कोणी सांगेना. पुढच्या आठवड्यात जाऊ. मामाजींना बरंच वाटलं. जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली आहे, मुलींना सोडून जायचं नव्हतं.

२ ऑगस्ट

लिहून टाकते, मग झोप आली तर येईल.

चार वाजता दिव्यानी धावत आली. काकू, चला, सरांना लागलं. रायफल भरताना तो दांडा हातातून सटकला आणि जोरात परत आला, अंगठा आणि तळहाताच्या मधलं मांस फाडून गेला. एरवी अशी जखम दाबून धरली की थांबते. ही थांबेना. एक दुपट्टा भरला, दुसरा भरला. जमिनीवरच्या कोंड्यात रक्त मुरत होतं. मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या, एक तर रडत होती. आणि हे काय म्हणतात — "रडू नको बाई, बारा मुलींले पुरन इतकं रक्त आहे अजून माह्यात."

हात दाबून धरून ऑटोत बसवलं. इथल्या दवाखान्यात टाके घातले, तरी पट्टी पुन्हा पुन्हा लाल होत होती. रक्त तपासलं. आकडा पाचच्या जवळ! डॉक्टरनं चंद्रपूरला फोन लावला. गोळी बंद ठेवायला सांगितली, गोळीचा जोर उतरवणारं इंजेक्शन दिलं. अंधार पडायच्या सुमारास थांबलं.

त्या सगळ्या वेळात मी एकच गोष्ट पाहत होते. पाणी. पुलावरून जाणारं लाल पाणी. तेव्हाही मी अशीच उभी होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

३ ऑगस्ट

सकाळी मामाजी एका हातानं रायफल पुसत बसलेले! उजवा हात पट्टीत, कोपरापर्यंत काळानिळा, फुगलेला. स्पर्धेला आठ दिवस आहेत म्हणे, डाव्या हातानं भरून पाहतो.

मी चहाचा कप खाली ठेवला. ठरवून काही बोलले नाही. तोंडातून निघालं.

"मामाजी, तुमाले प्रफुलची शपथ आहे. पुन्हा रायफल हातात धरायची नाई."

तीन वर्षांत आम्ही दोघांपैकी कोणी त्याचं नाव एकमेकांसमोर घेतलं नव्हतं. पहिल्यांदा घेतलं ते असं.

त्यांनी रायफल पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं, किल्ली खुंटीला अडकवली. वाद नाही, राग नाही. चहासुद्धा प्यायले.

८ ऑगस्ट

हाताची सूज उतरते आहे. गोळी पुन्हा सुरू झाली, थोडी कमी. मामाजी शेडवर जात नाहीत. मला गाढ झोप लागते. कितीतरी दिवसांनी!

१७ ऑगस्ट

आज प्रफुलचा दिवस.

लिहायचं नाही असं दरवर्षी ठरवते. यंदा लिहिते.

तो भामरागडला आश्रमशाळेत शिक्षक होता. पावसाळ्यात रस्ता बंद होतो म्हणून मी तेवढे महिने इथे सिंदेवाहीला राहायची. त्याला हिवतापानं धरलं, ताप डोक्यात गेला. गडचिरोलीला न्यायला सांगितलं, पण पर्लकोटेच्या पुलावरून पाणी. फोन लागला तसे मी आणि मामाजी निघालो आणि पुलाच्या अलीकडे येऊन उभे राहिलो. तो पलीकडे, दवाखान्यात. मध्ये नदी. दिवसभर उभे होतो. मामाजी मध्येमध्ये खाली उतरून पाण्याच्या कडेला एक काडी रोवत आणि परत येऊन म्हणत, उतरते आता. उतरत नव्हतं. संध्याकाळी पलीकडून कोणीतरी हात हलवला. ये असा नाही. नाही असा.

त्यानंतर मी भामरागडला गेले नाही. त्याचं सामान शाळेनं एका जीपनं पाठवलं. दोन पेट्या पुस्तकं. तीच मी वाचत असते.

मामाजींनी आज नैवेद्याचं पान ठेवलं, कावळ्याला हाक मारली, आणि माझ्याकडे न पाहता आत गेले.

३ सप्टेंबर

काल पोळा. मामाजी बैल बघायला गेले नाहीत. म्हणाले, पाय दुखतात. पाय दुखत नाहीत. मला माहीत आहे.

१९ सप्टेंबर

मुली पुन्हा आल्या. मामाजींशिवाय जिल्ह्याला गेल्या होत्या, तिथे कोणाचंच जमलं नाही. दिव्यानीनं विचारलं, सर कधी येणार? मी सांगितलं, डॉक्टरांनी मनाई केली आहे. मामाजी आत बाजेवर पडले होते. ऐकत होते. खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. मला पाठीशी घातलं.

४ ऑक्टोबर

चंद्रपूर. आकडा बरोबर आहे. पण आज जे झालं ते कसं लिहू.

डॉक्टरबाईंनी हाताची खूण पाहिली आणि विचारलं, शूटिंग कसं चाललंय? मी म्हटलं, बंद केलं. त्या म्हणाल्या, का? मी म्हटलं, रक्त थांबत नव्हतं, बाई. मरता मरता वाचले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ते रायफलमुळे नाही झालं. आकडा पाचला गेला होता म्हणून झालं. मी गोळी वाढवली आणि तुम्ही भाजी एकदम तोडली, हो ना? मी सांगत होते, भाजी बंद करू नका, रोज सारखी द्या." मग म्हणाल्या, ती धक्का देणारी जुनी बंदूक नको, भरायला सोपी घ्या. खांद्याला गादी, हाताला मोजे. वाकून काही उचलताना पडू नका. "बाकी खुशाल करा. मी कधी बंद करा म्हटलं?"

मामाजी छताच्या पंख्याकडे पाहत होते.

बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. मूल गाव मागे पडलं. मग म्हटलं, "शपथ सुटली, मामाजी. मी सोडली."

ते म्हणाले, "तुह्याकडनं नाई सुटत ते, चंदा."

"काऊन? मीच घातली न?"

"ज्याची घातली त्यानं सोडावं लागते. जित्या माणसाची असती तर गेलो असतो त्याच्यापाशी. हात जोडले असते."

"मी बायको आहो त्याची."

"मी बी बाप आहो." मग म्हणाले, "तू चूक नाई केली. फक्त लय मोठं नाव घेतलं."

समोरच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. मी पदर तोंडाला लावला.

५ ऑक्टोबर

लहानपणी आम्ही खेळताना शपथा घालायचो आणि "सुटली म्हण" म्हणून भांडायचो. समोरच्यानं म्हटलं की सुटली. तेवढं सोपं. समोरचाच नसेल तर काय, हे कोणी सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर

दोघांच्या ताटात रोज एक वाटी पालक. ना कमी ना जास्त. मामाजी खातात. पुन्हा मागत नाहीत.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मामाजी वाळत चालले आहेत. बनियान खांद्यावरून उतरतं. दिवसभर बाजेवर, पांघरूण तोंडावर. डोस बरोबर, आकडा बरोबर, अंगावर एक डाग नाही. मला पाहिजे होतं तसं सगळं आहे.

इंदुताई म्हणते, बरं झालं, म्हातारा घरात बसला, नाहीतर त्या पोरींच्या मागं काय वेडा झाला होता. मी तिला चहा न देता पाठवलं.

२८ नोव्हेंबर

आज दिव्यानी एकटी आली, रायफल घेऊन. तिचा नेम डावीकडे जातो आहे, नागपूरची स्पर्धा आली. मामाजी उठून बसले. हात पुढे केला — आणि मागे घेतला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, लहान मुलासारखे.

मग मला म्हणाले, "चंदा, धर ते. मी सांगतो तसा नेमाचा पेच फिरव."

मी! या हातांनी आजवर फक्त पोळपाट-लाटणं आणि पुस्तकं धरली. मी पेच फिरवला. उलटा फिरवला. "उलटा नाई, सुलटा. माह्या बायकोसारखंच आहे तुह्य, ते बी दार ढकलाच्या ठिकाणी ओढे." कितीतरी दिवसांनी थट्टा केली! तिथल्या तिथे अंगणात, पेरूच्या झाडाला कागद लावून, मी खांद्याला लावून पाहिली. म्हणाले, डोये बंद नको करू, झोपाले नाई सांगून राह्यलो. श्वास अर्धा सोड, थांब. छातीत ठोका पडते न? दोन ठोक्यांच्या मधात जागा असते. तिथी सोड.

मला ती जागा सापडली. खरंच असते! तिथे कोणीच नसतं. प्रफुल नाही, नदी नाही. एक क्षण. मग छर्रा सुटतो आणि सगळं परत येतं.

छर्रा पेरूच्या झाडालाही लागला नाही.

२९ नोव्हेंबर

आता समजलं की मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं.

१५ डिसेंबर

मामाजी शेडवर जातात, खुर्चीत बसतात. काही शिवत नाहीत. मी त्यांचा हात झाले आहे. मुली मला "काकू सर" म्हणतात. दिव्यानी नागपूरला पाचवी आली. पेढे आणले. मामाजींनी पेढा कपाळाला लावला आणि खाल्ला, पण नजर तिच्या रायफलवर होती, भुकेल्या माणसासारखी.

घरी येताना मी पुन्हा म्हटलं, सोडा आता. ते म्हणाले, खाकीत होतो तवा कोर्टात कितीदा शपथेवर बोललो, ते शपथ इतकी मोठी नव्हती.

१८ जानेवारी

ठरवलं. भामरागडला जायचं. विषय मीच काढला. ज्याची शपथ, तो जिथे गेला तिथे जाऊन विचारू. वेडेपणा आहे, मला कळतं. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. पण मामाजींनी लगेच धुतलेला सदरा काढला.

२ फेब्रुवारी

भामरागड.

मूल, सावली, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली. पुढे नुसतं जंगल. मोहाची पानं गळत आहेत, सागाचीही. पूल आला. गाडी पार झाली. एवढाच पूल! खाली वाळू, मध्ये पाण्याची एक पट्टी, त्यात दोन म्हशी. मामाजींनी डोळे मिटले होते. मी उघडे ठेवले.

शाळेत सुकरी अजून स्वयंपाक करते. माडिया बाई, माझ्याच वयाची. शेवटच्या दिवशी तीच प्रफुलजवळ बसली होती, हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. कोणी विचारायलाच आलं नव्हतं. आम्हाला पत्रावळीवर भात वाढला. तिचं मराठी तुटक, माझं माडिया शून्य. मी विचारलं, तो काय म्हणाला शेवटी? तिनं सांगितलं, काही नाही, फक्त विचारत होता, पाणी उतरलं का, पाणी उतरलं का. तिनं त्याला म्हटलं, उतरलं, मास्तर, तुमची बाई येऊन राह्यली. मग तो झोपला.

ती खोटं बोलली त्याच्याशी. मी तिच्या पाया पडले. ती घाबरून मागे सरकली.

मामाजी जेवले नाहीत. त्यांनी तिला शपथेचं सगळं सांगितलं, पोलीस जबानी देतो तसं, सुरुवातीपासून. शेवटी म्हणाले, त्याले कसं विचारू, कुठी विचारू, ते सांग.

सुकरी आधी हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "तुमी मेलेल्या माणसाले कामाले काऊन लावता? आमच्यात मेलेल्याचा दगड रोवते. मग तो तिथी, आमी इथी. तुमी तर त्याले पहाऱ्यावर उभा केला. तुमच्या दारात. पाण्यापावसात. तो थकला नसन का? बसू द्या न त्याले."

बस, एवढंच. आणि ती भांडी घासायला उठली.

मामाजींचे खांदे हलायला लागले. आज पूल ओलांडतानाही, दहन झालं तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा नसतो. ठेवला.

३ फेब्रुवारी

नद्यांच्या संगमावर गेलो. मामाजी पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले. काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, मुद्दाम लांब थांबले. परत आले तेव्हा म्हणाले, चल, बस निघन.

५ फेब्रुवारी

खुंटीवरची किल्ली नाही! पेटी उघडी. जुनी रायफल बाहेर, तेल लावलेली. मामाजी म्हणाले, इले आता भरत नाही, नुसती पुसतो. मुलींची हलकी घेतली, खांद्याला मी शिवलेली गादी बांधली, हातमोजे घातले. शेडवर सगळ्या मुली श्वास धरून उभ्या.

पहिला छर्रा कागदाच्या कोपऱ्यात गेला. दुसरा कागदाबाहेर. खोखो हसले ते! "दिव्यानी, पाह्य, असं नाई माराचं."

मी बाहेर येऊन राईस मिलच्या भिंतीला टेकून उभी राहिले. भीती गेली नाही. पण ती आता माझी एकटीची आहे. ती मी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधलेली नाही.

२० फेब्रुवारी

खांद्यावर लहानसा डाग. हरभऱ्याएवढा. मी तेल लावून दिलं नाही, रागावले नाही. फक्त बघितला. ते म्हणाले, डास. मी म्हटलं, हो जी, डासच.

२ मार्च

आज मामाजी बोलले. जेवताना, आपणहून. म्हणाले, दोन ठोक्यांच्या मधली जागा आता मला सापडत नाही, छातीत कोणी नीट पाय टाकत नाही, एक लवकर, एक उशिरा. मी वाट पाहतो. कधी कधी एक मोठी जागा येते. तिथे सोडतो.

मग म्हणाले, "प्रफुल असाच मारे. लय वाट पाहे. मी चिडो त्याच्यावर, सोड न लेका! तो म्हणे, बाबा, घाई कोणाले आहे?"

मग एकामागून एक. त्यानं शेजारच्याचं मडकं फोडलं ते, घाबरून गाईच्या कोठ्यात लपला ते, नोकरीची ऑर्डर आली तेव्हा भामरागड नकाशात शोधत बसला ते. मलाही माहीत नसलेलं कितीतरी. ताटं वाळली. मला वाटलं, तो या घरात पहिल्यांदा बसून आहे. उभा नाही.

११ मार्च

चंद्रपूरला जाऊन रक्त देऊन आलो. मशीन बंद होतं, रिपोर्ट उद्या फोनवर पाठवतो म्हणाले. मामाजींना बाजारात हिरवे हरभरे दिसले, घेतले. येताना बसमध्ये सोलत बसले आणि मला, कंडक्टरला, समोरच्या म्हाताऱ्याला वाटत आले.

१२ मार्च

मामाजी गेले.

सकाळी शेडवर, खुर्चीत. दिव्यानीचा छर्रा बरोबर मध्यभागी लागला. ती मागे वळून म्हणाली, सर, पाहा न जी.

इथले डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, दुसरं काही दिसत नाही. आंघोळ घालताना मी बाहेर गेले नाही. अंगावर एकही डाग नव्हता.

रिपोर्ट दुपारी फोनवर आला. आकडा अगदी पाहिजे तेवढाच. खाली डॉक्टरबाईंनी लिहिलं आहे — उत्तम. असंच चालू ठेवा.